एका हिवाळ्याचं घर

नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी एक परका माणूस मार्टीपुढे येऊन उभा राहतो आणि लग्नाचं विचारतो. तिच्या पोटात मूल आहे, जवळ पैसा नाही, हिवाळा तोंडावर आलाय. पूर्वेकडे परतणारा गाड्यांचा तांडा निघणार तो थेट वसंतात. त्या परक्याचं, क्लार्कचं, मागणं साधं आहे. बायको गेली, लेक मिसी लहान आहे, तिला आई हवी. तो स्वतः घरालगतच्या पडवीत झोपेल. वसंतात मार्टीला माहेरच्या मुलखात परतावंसं वाटलं, तर भाडं तोच देईल. फक्त तिनं मिसीलाही सोबत न्यावं.

जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी अशी सुरू होते. १९७९ साली ती निघाली आणि ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथांचं दालनच उघडलं. मला थक्क करते ती तिची उलटी चाल. एरवी प्रेमकथा लग्नापाशी संपते. इथे लग्न पहिल्या काही पानांत उरकतं आणि मग कथेला तोंड फुटतं. दोन परकी माणसं, दोन मेलेल्या जोडीदारांच्या आठवणी, एक रुसलेली पोर, आणि बाहेर बर्फ. यातून घर कसं होतं?

हे लेखिकेनं हवेतून काढलेलं नाही. अशा कितीतरी कादंबऱ्यांच्या पाठीशी अमेरिकेचा १८६२ चा होमस्टेड कायदा उभा असतो. सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसली, की १६० एकर आपले. एकशेसाठ एकर! शेजाऱ्याला मारलेली हाकही पोचू नये इतकं ते एकटेपण. धारा काढायच्या, लाकडं फोडायची, भाकरी भाजायची, साबण नि मेणबत्त्याही घरीच करायच्या. एकट्या माणसाला हा गाडा ओढवत नसे. म्हणून विधुर-विधवांची लग्नं अनेकदा शोक ओसरायच्या आत होत. प्रेमासाठी थांबायला हिवाळा सवड देत नव्हता.

ओक मोठमोठ्या भावनांऐवजी चुलीपाशी जातात. मार्टीला धड स्वयंपाक येत नाही. ती दिवसामागून दिवस तेच पॅनकेक करते, क्लार्क ते मुकाट खातो. मग शेजारची मा ग्रॅहम तिला पदार्थ शिकवते. ही मा ग्रॅहमसुद्धा एके काळी लेकरं पदरी असलेली विधवा होती आणि तिनं लेकरं असलेल्या विधुराशी संसार मांडला होता. प्रेम आपल्याकडे कधी आलं ते कळलंच नाही, हा तिचा अनुभव कादंबरीच्या नावात उतरला आहे.

जेवणाच्या मेजावर क्लार्क बायबल वाचतो. मार्टीचा तरणा नवरा ज्यानं नेला, तो देव तिनं कसा मानावा? या प्रश्नाला ओक घाईनं उत्तर देत नाहीत. चांगल्या ख्रिस्ती प्रेमकथेचं कसब इथेच आहे: नवरा, मूल आणि देव, तिघांशीही नातं एकाच संथ आचेवर शिजावं लागतं. श्रद्धा आधीच शिजलेली आणून वाढली, की कथेचं प्रवचन होतं.

अशा कथांच्या साच्याचं मूळ शोधत मागे गेलं, की बायबलमधल्या अवघ्या चार अध्यायांच्या एका पुस्तकापाशी आपण पोचतो. रूथ ही मवाबातली विधवा. सासू नामीचा हात न सोडता ती परक्या बेथलेहेमात येते आणि जवाच्या कापणीत सरवा वेचते. शेताचा मालक बवाज तिच्या सासरचा आप्त निघतो, पुढे तिच्याशी लग्न करतो. परकी बाई, रिकामे हात, धान्य, घर: पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांचं बी त्या शेतात पडलेलं आहे. आणि शेवट पाहा. रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद राजा. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ येते, तिथेही या परक्या विधवेचं नाव आहे!

बायबलमधल्याच पौलाच्या पत्रांत तर देवाशी माणसाचं नातंच दत्तकाचं म्हटलं आहे. म्हणून मिसी मार्टीच्या कुशीत शिरते तेव्हा ख्रिस्ती वाचकाला ती नुसती गोड घटना वाटत नाही. आपलंसं केलं जाणं हा त्याच्या श्रद्धेचा गाभा आहे.

मराठीत रूथची कथा एका विलक्षण घरातूनही आली. विधवा, परित्यक्ता, दुष्काळात अनाथ झालेल्या मुली: पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांना थारा दिला. दुष्काळाची झळ सोसलेल्या आणि लग्नानंतर अल्पावधीत वैधव्य आलेल्या रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. १९२४ मध्ये ते ग्रंथरूपात आलं, मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्या बायकांच्या हातून. सरवा वेचणाऱ्या विधवेची ओळ जुळवायला त्या खिळा खिळा वेचत होत्या. ज्यांना कुठलंच घर उरलं नव्हतं, त्यांनी ती गोष्ट आपल्या घरात छापली.