घरी राऊटर घेताय? जरा थांबा!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मजल्यावर एक कुटुंब राहते. वडील एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन, आई पोळीभाजी केंद्रात कामाला, धाकटा मुलगा आयटीआयला आणि थोरली मुलगी नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून नोकरीच्या शोधात. घर पुनर्वसनाच्या इमारतीतले. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, बाजूला मोरी. मुलीला एका खासगी रुग्णालयातून मुलाखतीचे बोलावणे आले; पण मुलाखत समोरासमोर नव्हे, मोबाईलवर, व्हिडीओ लावून. बाहेर टीव्ही आणि येणारे-जाणारे, म्हणून बिचारी ओट्यापाशी स्टूल टाकून बसली. पाच मिनिटे ठीक गेली. मग समोरच्या बाईंचा चेहरा गोठला, आवाज तुटू लागला आणि शेवटी पडद्यावर नुसते गोल चक्र फिरत राहिले. पुन्हा जोडणी होईपर्यंत "आम्ही कळवू" असा निरोप येऊन पडला होता. ते कळवणे काही आले नाही.

वडील ड्यूटीवरून आले ते तडक दुकानात गेले आणि २,६०० रुपयांचा नवा राऊटर घेऊन आले. चार अँटेनांचा. किराण्याला बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पुन्हा तेच गोल चक्र!

मी इंजिनिअर नव्हे, पण केबलच्या कामात काही वर्षे काढली आहेत, म्हणून मजल्यावर कुणाचे नेट अडले की मला हाक येते. जाऊन पाहिले. इंटरनेटवाल्याने बसवलेला जुना डबा टीव्हीच्या मागे, शोकेसच्या कप्प्यात, लोखंडी कपाटाला चिकटून. नवा राऊटर त्याच्याच डोक्यावर ठेवलेला. मुलीच्या मोबाईलवर वाय-फायची यादी उघडली, तर जुन्या डब्याची दोन नावे दिसत होती. एक साधे आणि एक त्याच नावापुढे '५जी' लिहिलेले. विचारले, "हे दुसरे का लावत नाही ग?" तर म्हणते, "काका, त्याला ५जीचं सिमकार्ड लागतं ना? शिवाय वेगळे पैसे कापतील."

हा गैरसमज मी आतापर्यंत कितीतरी घरांत ऐकला आहे. वाचकहो, आधी तोच दूर करू. मोबाईल कंपनीचे ५जी म्हणजे पाचवी पिढी. वाय-फायच्या नावापुढचे ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, रेडिओलहरींचा एक पट्टा. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. त्याला ना नवे सिम लागते, ना जादा पैसे. तुमच्या मोबाईलला ते नाव यादीत दिसत असेल तर तो मोबाईल ते वापरू शकतो, एवढेच. स्वस्तातल्या काही मोबाईलमध्ये ही सोय नसते. मग ते नाव यादीत दिसतच नाही.

लहान घराला लांबची नव्हे, मोकळी वाट हवी

घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जुना. त्याच्या लहरी लांब जातात, भिंतही बऱ्यापैकी ओलांडतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान. पण भिंत आडवी आली की त्याचा दम लवकर संपतो. एवढे ऐकून पुष्कळ जण म्हणतात, मग लांब जाणारा २.४ चाच बरा. खेड्यात, सुट्या घरात हे खरेही आहे. आपल्या चाळीत आणि इमारतीत मात्र नेमके उलटे होते.

कारण असे की २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाटा तीनच : चॅनेल १, ६ आणि ११. एका मजल्यावर दहा घरे, खाली-वर तेवढीच, आणि प्रत्येक घरात एक डबा. तीस डबे तीन वाटांवर! एक बोलत असला की बाकीच्यांनी थांबायचे, असा तिथला नियम. त्यात ब्लूटूथही त्याच पट्ट्यातले आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही. संध्याकाळी सात ते अकरा जे नेट रडते, त्यात दरवेळी कंपनीचाच दोष नसतो. शेजारपाजाऱ्यांच्या डब्यांची ही रेटारेटी असते. ५ च्या पट्ट्यात वाटा पुष्कळ जास्त. २०१८ साली केंद्र सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त केला. शिवाय शेजाऱ्याचे ५ गिगाहर्ट्झ भिंतीतच अडकते, आपल्याकडे फारसे येत नाही. म्हणजे त्याचा जो अवगुण, तोच दाटीच्या वस्तीत गुण ठरतो.

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे डबा कुठेही टांगा, ५ गिगाहर्ट्झ कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचेल. तिथल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर मोठे झाले, खोल्या झाल्या, आणि खोल्यांबरोबर भिंती आल्या. तिथे डबा कुठे लावायचा हा प्रश्न आता खरोखरच विचार करण्याजोगा आहे. तरीही तेवढ्या घराला मधोमध लावलेला एक चांगला राऊटर बहुतेक पुरतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर अँटेना मोजू नका. दोन पट्ट्यांचा, म्हणजे ड्युअल बँड आहे का, हे आधी विचारा. खोक्यावर नुसते 'एन ३००' किंवा '३०० एमबीपीएस' लिहिलेले असेल तर तो बहुधा एकाच, २.४ च्या पट्ट्याचा. असा डबा हजाराच्या आसपास मिळतो आणि स्वस्त वाटतो, पण दाट वस्तीत तेवढे पैसेही फुकट जातात. दोन पट्ट्यांचे राऊटर साधारण दीड ते अडीच हजारांत येतात.

खोक्यावरचे आकडे

'एसी १२००' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. गिऱ्हाईक म्हणते, अरे वा, बाराशेचा वेग! हा आकडा दोन पट्ट्यांची बेरीज आहे : एकाचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७, वर थोडी गोळाबेरीज. तोही कागदावरचा वेग. घरात त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ. आणि मुख्य म्हणजे, महिन्याला तुम्ही ४० एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे भरत असाल तर घरात बाराशेचा डबा आणला काय नि तीन हजारांचा आणला काय, नळाला पाणी तेवढेच यायचे.

आता ४० पुरतात का? व्हिडीओवरच्या क्लासला किंवा मुलाखतीला दोन ते चार एमबीपीएस लागतात, स्वच्छ चित्राच्या सिनेमाला पाचच्या आसपास. एक मूल क्लासला, दुसरे यूट्यूबवर, घरच्या बाई मालिका बघताहेत, असे सगळे एकदम चालले तरी वीसच्या आत भागते. तेव्हा १०० किंवा २०० चा प्लॅन गळ्यात मारणाऱ्याला हे गणित ऐकवावे.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानदार आपणहून सांगत नाही. राऊटरच्या मागे वायर लावायची जी भोके असतात ती दोन प्रकारची, १०० एमबीपीएसची आणि १००० ची. दुसऱ्याला गिगाबिट म्हणतात. टीपी-लिंक कंपनीचे दोन ओळखीचे राऊटर घ्या, आर्चर सी ५० आणि आर्चर सी ६. दोघांच्याही खोक्यावर एसी १२००. पण सी ५० ची भोके १०० ची, सी ६ ची गिगाबिट. प्लॅन १०० किंवा त्याखालचा असेल तर पहिल्याने काम भागते, जास्त पैसे का घालवायचे? प्लॅन १५०-२०० चा असेल तर मात्र पहिला डबा शंभराच्या आतच अडकवून ठेवील आणि तुम्ही कंपनीशी भांडत बसाल.

'एएक्स' किंवा 'वाय-फाय ६' लिहिलेले नवे राऊटर गर्दीत खरोखरच जास्त चांगले चालतात, एकाच वेळी अनेक मोबाईलना वाटा वाटून देतात. पण मोबाईलही त्या जातीचा हवा, नाहीतर फायदा थोडा. दोन-चारशेचा फरक असेल तर घ्यावा. हजाराचा असेल तर ते पैसे मुलांच्या पुस्तकांना लावावेत असे माझे मत.

कोणता डबा तुमचा?

फायबरची बारीक वायर ज्या डब्यात शिरते त्याला केबलवाले ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. बऱ्याच घरी त्यातच वाय-फाय असते. काही कंपन्या लांब मुदतीच्या प्लॅनवर तो फुकट वापरायला देतात, काही परत मिळणारी अनामत घेतात. नवे कनेक्शन घेताना "डबा ड्युअल बँड आहे का?" एवढा एकच प्रश्न विचारला तर पुढचा खर्च वाचतो. अनामत दिली असेल तर पावती घ्या. पावती नसेल तर अनामत परत मिळणे अवघड, हे सांगायला नको.

बाजारातून ओएनयू मात्र विकत आणू नका. तो कंपनीच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो आणि दुसरीकडचा बहुधा चालत नाही. आपण विकत घ्यायचा तो साधा राऊटर, ज्याच्या मागे वॅन लिहिलेले, जरा रुंद वायरीचे भोक असते. जुन्या बाजारात दोनशे-तीनशेला जे डबे मिळतात त्यांतल्या कितीकांना टेलिफोनच्या वायरीचे अरुंद भोक असते आणि वर एडीएसएल लिहिलेले असते. ते तांब्याच्या टेलिफोन लाइनचे. आपल्या फायबरला त्यांचा काही उपयोग नाही. जिथे फायबर पोहोचलेलेच नाही तिथे सिमकार्ड घालायचा राऊटर असतो. तो वेगळा प्रकार, आणि घेण्याआधी त्या कंपनीचे नेटवर्क घरात येते का, हे मोबाईलवर पाहून घ्यावे.

बिल घ्या, वॉरंटी विचारा. नावाजलेल्या कंपन्या तीन वर्षांपर्यंत देतात. बिलाशिवाय शंभर रुपये कमी करतो म्हणणाऱ्याकडे वळूच नका. डबा खराब निघाला आणि दुकानदाराने हात वर केले तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

उंचावर, उघड्यावर

डबा उंचावर, उघड्यावर आणि जमेल तितका घराच्या मध्ये लावावा. लोखंडी कपाट, पत्र्याचा पोटमाळा, मोठा आरसा आणि पाण्याचे पिंप हे त्याचे चार वैरी. पाणी लहरी पिऊन टाकते, हे मोरीच्या भिंतीलगत डबा लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दाराच्या चौकटीवर दोन खिळे ठोकले की काम झाले.

पहिल्याच दिवशी दोन पासवर्ड बदलावेत. एक वाय-फायचा, आणि दुसरा राऊटरच्या आतल्या सेटिंगचा, जो पुष्कळदा नुसता 'अ‍ॅडमिन' असतो. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए २ किंवा ३ निवडावे. शेजारधर्म आपल्याला सोडायचा नाही, पण कनेक्शन आपल्या नावावर असते. त्यावरून कुणी भलते काही केले तर पहिली चौकशी आपल्याकडे येते. शेजारच्या मुलाला परीक्षेचा अर्ज भरायचा असेल तर त्याला घरी बोलावून चहा द्या, अर्ज भरू द्या. पासवर्ड गल्लीत फिरू देऊ नका.

विजेची चिंता नको. दहा वॉटचा राऊटर चोवीस तास चालला तरी महिन्याला सात युनिटच्या आसपास जातात. दिवे जाणाऱ्या भागात छोटा डीसी यूपीएस घ्यावा. मात्र राऊटरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिले आहे की १२, ते पाहूनच. चुकीचा जोडला तर डबा जळेल. आणि राऊटरने कॅन्सर होतो असे सांगणारे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते, त्यावर विश्वास ठेवू नका. त्याची शक्ती अगदी थोडी असते आणि त्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात.

आता त्या कुटुंबाचे. जुना डबा शोकेसमधून काढला, वायर चार फूट वाढवून घेतली आणि बाहेरची खोली व स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारावर टांगला. मुलीच्या मोबाईलला ५ गिगाहर्ट्झचे नाव जोडून दिले. वायर नि खिळे धरून खर्च १२० रुपये. दुकानदाराने नवा राऊटर परत घेतला नाही, खोके फोडले म्हणाला. तो दोन महिने माळ्यावर पडून होता; पुढे मुलीच्या मामांनी नालासोपाऱ्याला नवे कनेक्शन घेतले तेव्हा दीड हजार देऊन नेला. मामांचा डबा एकाच पट्ट्याचा होता, त्यांना तो कामी आला.

मुलीला पुढे दुसऱ्या एका रुग्णालयाचे बोलावणे आले. तेही व्हिडीओवर. ओट्यापाशी तेच स्टूल, पंचवीस मिनिटे. आई पोळीभाजी केंद्रावर उशिरा जाऊन बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद करून बसली होती, आणि धाकट्याला तेवढ्या वेळापुरता खाली पिटाळला होता. सध्या त्या मुलीची रात्रपाळी चालू आहे.