परिचारिकेचा प्रश्न

घरांतील वडील माणूस रुग्णालयांत असतां आपल्यापैकीं कोणी ना कोणी त्यांच्या उशाशीं बसलेलें असतेंच. दिवसांतून तीन-चार वेळां परिचारिका औषध घेऊन येते आणि दर वेळीं विचारते, "आजोबा, आपलें पूर्ण नांव सांगतां का ?" तिसऱ्या वेळीं आपण त्रासून म्हणतों, "अहो सिस्टर, सकाळपासून तुम्हीच देतां आहां ना ? अजून ओळख पटली नाहीं का ?" हा त्रागा किती अनाठायीं आहे, तेंच आज आम्हांस वाचकांच्या नजरेस आणावयाचें आहे.

डॉक्टर औषध लिहून देतात, औषधवाला तें काढून देतो आणि परिचारिका तें रोग्यास देते. पहिल्या दोघांची चूक सुधारावयास पुढें कोणी तरी असतें. परंतु औषध एकदां शिरेंत गेलें, कीं तें परत घेतां येत नाहीं. म्हणूनच योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ हीं पांच सूत्रें परिचारिकांकडून शिक्षणकाळींच घटवून घेतात. नांव विचारणें ही त्यांतील पहिली पायरी. तेंही "आपण जोशीच ना ?" असें विचारावयाचें नसतें; कारण गुंगींत असलेला किंवा ऐकूं कमी येणारा रोगी कशासही "हो" म्हणतो. नांव त्यानेंच सांगावयाचें, व तें मनगटावरील पट्टीशीं आणि कागदाशीं ताडून पाहावयाचें.

एवढी काळजी कोणास अतिरेकी वाटल्यास त्यानें अमेरिकेंतील बोस्टन शहरची हकीकत ऐकावी. बेट्सी लेहमन ही वृत्तपत्रांत आरोग्यविषयक लेखन करणारी ३९ वर्षांची बाई १९९४ सालीं तेथील एका नामांकित कर्करोग-रुग्णालयांत उपचार घेत होती. चार दिवसांत मिळून द्यावयाची मात्रा तिला रोजच्या रोज, अशी चार दिवस दिली गेली, आणि ती दगावली. कित्येक जाणत्या माणसांच्या हातांतून तो कागद गेला होता. पण चूक उघडकीस आली ती १९९५ सालीं, नोंदी तपासतांना. मॅसॅच्युसेट्स राज्यानें पुढें रुग्णसुरक्षेसाठीं तिच्या नांवें एक केंद्र काढलें.

हा धोका रुग्णालयाच्या भिंतींपुरताच आहे असेंही नाहीं. मधुमेहाचें इन्सुलिन आतां कितीतरी घरीं टोचलें जातें. आपल्याकडे त्याच्या बाटल्या एका मिलिलिटरास ४० युनिटांच्या मिळतात, तशा १०० युनिटांच्याही मिळतात. आणि दोहोंच्या सिरिंजा निरनिराळ्या असतात. १०० च्या बाटलींतील औषध ४० च्या सिरिंजेनें २० च्या रेघेपर्यंत ओढलें, तर २० ऐवजीं ५० युनिटें अंगांत जातात. साखर एकाएकीं उतरून प्राणावर बेततें. बाटलीवरचा आणि सिरिंजेवरचा आंकडा जुळवून पाहण्यास मात्र अर्धें मिनिटही लागत नाहीं !

तेव्हां घरच्या माणसांनीं करावें काय ? रोग्यास दाखल करितांना वैद्यांच्या पुड्या आणि काढे धरून चालूं असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. कोणतें औषध पूर्वीं बाधलें असेल तर तें विचारण्यापूर्वींच सांगावें. परिचारिका औषध मोजीत असतां तिला हांक मारूं नये. गोळी रोजच्याहून निराळी दिसल्यास भीड न धरतां विचारावें. आणि कामाच्या गर्दींत तिनें नांव विचारलें नाहीं, तर आपणच नम्रपणें सांगावें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक पथ्य पाळलें पाहिजे. सुनेनें दिलेली गोळी मुलगा पुन्हा देतो, किंवा तिनें दिली असेल असें समजून कोणीच देत नाहीं, हें आपल्या घरांत नवीन नाहीं. याकरितां औषध देण्याचें काम एकाकडेच असावें, व उशाशीं टांगलेल्या कागदावर दिल्याची वेळ तत्काळ लिहावी. रोग्यावरील माया सर्वांचीच असते. तिला एवढी शिस्त लाभली, तरच ती रोग्याच्या उपयोगीं पडते.