नजर वर, चेंडू खाली

पहाटे 5.30
पुण्याच्या थंडीत सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर दव पडतं. ओल्यात पाय घसरतो, म्हणून आधी वायपर मारून कोर्ट कोरडं करायचं, मग चेंडूंची हवा तपासायची. खांद्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेपर्यंत उसळला पाहिजे. मुलींना सहा नंबरचा, मोठ्या मुलांना सातचा.

6.00
रिंगकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. गुडघे वाकवून जागच्या जागी ड्रिबल. तळवा न टेकवता, फक्त बोटांनी. त्यातही आधी डावा हात.
"सर, मॅचमध्ये मी उजव्यानंच जातो की!"
अरे, हे समोरच्यालाही दिसतं. तो तुझी उजवी बाजूच अडवून उभा राहणार.

6.30
दिवसातला माझा सगळ्यात आवडता पाऊण तास. एका हातानं टप्पे चालू ठेवायचे, दुसऱ्यानं टेनिसचा बॉल वर उडवून झेलायचा. स्टीफन करी करतो म्हणून मुलांना याचं फार आकर्षण; मला मात्र यातून हवी असते ती नजर. डोळे टेनिसच्या बॉलमागे गेले की बास्केटबॉल निव्वळ स्पर्शावर सांभाळावा लागतो. सुरुवातीला चेंडू कोर्टभर पळतात. पळू देत. चेंडू अजिबात निसटत नसेल तर मुलगा फार सोपं काहीतरी करतोय, असं मी समजतो. ज्याला चेंडूकडे बघावं लागत नाही, त्यालाच मोकळा साथीदार दिसतो. एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

7.15
कोनमधून नागमोडी, प्रत्येक वळणावर क्रॉसओव्हर, म्हणजे चेंडू एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे. वेग बदलला नाही तर त्या क्रॉसओव्हरला कुणी फसत नाही. हात चेंडूखाली गेला की माझी शिट्टी वाजते; तो टप्पा नाही, चेंडू वाहून नेणं झालं. बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ यांच्या 1891 च्या मूळ तेरा नियमांत चेंडू घेऊन पळायला मनाईच होती. टप्पे टाकत पुढे जायची वाट खेळाडूंनी नंतर काढली. ती वाट नीट, नियमात राहून चालावी, एवढाच माझा आग्रह.

8.00
मुलं शाळेला, मी नोकरीला.

संध्याकाळी 5.30
एकावर दोघं सोडतो. आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची. दोघं अंगावर आले की सकाळचं बरंच काही विसरतं: मान खाली जाते, डावा हात लुळा पडतो. तिथंच खेळ थांबवून पुन्हा सुरू करतो.

7.15
घरचा अभ्यास. फ्लॅटमध्ये टप्पे टाकले की खालच्या मजल्यावरून तक्रार येते. म्हणून चेंडू कमरेभोवती, मग गुडघ्यांभोवती फिरवायचा. दोन्ही दिशांनी, डोळे मिटून.