अदृश्य अक्षरं आणि दोन शब्दांमधली फट

वेबपानाचा मूळ कोड उघडला, तर दोन शब्दांमध्ये स्पेस, टॅब, नव्या ओळी यांची रांग दिसते. पडद्यावर उरते एकच मोकळी जागा. लागून आलेल्या मोकळ्या जागा एकीत मिटवायच्या, हा सीएसएसचा नियम. त्यातला कळीचा शब्द ‘लागून’.

दोन स्पेसच्या मध्ये ‘झीरो विड्थ स्पेस’ बसली की त्या लागून राहत नाहीत. हिला स्वतःची रुंदी नाही. नावात स्पेस असली तरी ब्राउझर तिला मिटवण्याजोगी स्पेस मानत नाही. २००४ मध्ये युनिकोडनेही तिला स्पेसच्या वर्गातून काढलं. मग दोन्ही बाजूंच्या स्पेस शाबूत राहतात आणि ओळीत दुप्पट फट दिसते. कोड कितीही निरखा, कारण डोळ्यांना सापडत नाही. उर्दू-अरबी मजकुराची दिशा सांगणारी काही चिन्हंही अशीच अदृश्य. पण स्पेस मिटवताना ती नाहीतच असं समजा, असं तोच सीएसएस सांगतो. पक्षपात वाटेल, पण आहे रास्त. झीरो विड्थ स्पेस ओळ कुठे तोडता येईल ते दाखवते, आणि शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या थाई, ख्मेर लिप्यांना ती उपयोगी पडते. दिशाचिन्हांचा मोकळ्या जागेशी संबंधच नाही.

फॉर्ममधला घोळ निराळा. जावास्क्रिप्टचं ‘ट्रिम’ कडेच्या नॉन-ब्रेकिंग स्पेस कापतं, झीरो विड्थ स्पेसला हात लावत नाही. त्यामुळे कोरा दिसणारा रकाना भरलेला ठरू शकतो.

यावर काही प्रोग्रामर सरसकट सगळी अदृश्य अक्षरं पुसून टाकतात. मराठीला हे परवडत नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ घालून. दिसायला दोन्ही सारखे, साठवलेले वेगळे. दुसऱ्या तऱ्हेच्या शब्दातून जॉइनर पुसला, की डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र होतो: दर्या.

डोमेन नावांच्या २०१० च्या नियमांनी इथे तारतम्य दाखवलं. पाय मोडलेल्या अक्षराच्या लगेच पुढे जॉइनर आला तर तो चालतो, एरवी नाही. मजकूर साफ करणाऱ्या प्रोग्रामला एवढी एक अट घालायला फार तर दोन ओळी लागतात.