पाड्यावरच्या शाळेचा वाटा

समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेला दरवर्षी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, शंभरापर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. खडू, फळ्याचा रंग, वीजबिल, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहाची डागडुजी, वाचनाची पुस्तकं हे सारं यातूनच भागवायचं. पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत अठ्ठावीस मुलं असतील, तर एका मुलामागे वर्षाला साधारण साडेतीनशे रुपये पडतात. महिन्याला तीसच.

नाशिकहून सावळघाट उतरून पेठला जाता येतं आणि पुढे तोच रस्ता गुजरातेत धरमपूरकडे निघतो. २०११च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती. त्यांत शंभरातले पंच्याण्णवहून अधिक लोक आदिवासी, म्हणजे कोकणा, महादेव कोळी, वारली. शेतं उताराची, पिकं भात, नागली आणि वरईची. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट. एक गाव म्हणजे डोंगरात विखुरलेले अनेक पाडे. पहिलीतल्या मुलाला ओढा ओलांडून दुसऱ्या पाड्यावर पाठवणं आषाढात जिवावर बेतू शकतं. म्हणूनच २००९च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असं म्हटलं. अंतर इतकं कमी ठेवलं की शाळा लहान होणारच, आणि शाळा लहान झाली की पटावर मोजलेलं अनुदानही लहानच होतं. ज्या शाळेत सगळीच मुलं वंचित घरांतली, तिच्या हाती सर्वांत कमी रक्कम पडते. या हिशोबातला खरा दोष हा आहे.

पेठच्या मुलांसाठी पैसा नाही, असं कुणी म्हणू नये. पैसा आहे, पण तो अनेक बारीक धारांनी येतो आणि प्रत्येक धारेचं तोंड वेगळं. गणवेशाला दोन जोडांचे सहाशे रुपये. पहिली ते चौथीच्या आदिवासी विद्यार्थ्याला सुवर्ण महोत्सवी पूर्व माध्यमिक शिष्यवृत्तीचे वर्षाला १,००० रुपये, पाचवी ते सातवीला १,५००. ही शिष्यवृत्ती राज्याच्या पन्नाशीच्या वर्षी, २०१०मध्ये सुरू झाली. त्याआधी, १९९२मध्ये, गरीब घरांतल्या मागासवर्गीय मुलींसाठी उपस्थिती भत्ता आला: पहिली ते चौथीच्या मुलीला हजेरीच्या दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२०. त्या काळी आईबापाने मुलीला गुरांमागे किंवा धाकट्या भावंडाजवळ न ठेवता शाळेत धाडावं, यासाठी त्या रुपयाला अर्थ होता. तीन दशकांनंतरही तो रुपयाच राहिला, हे मनाला लागतं. दिवसाची मजुरी कुठून कुठे गेली, पण मुलीच्या हजेरीचं मोल कुणाला वाढवावंसं वाटलं नाही.

गरिबांच्या शाळेला जास्त वाटा द्या, ही मागणी आजची नाही. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सांगितलं होतं की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. प्राथमिक शिक्षणाला जास्त वाटा द्या, हा त्यांचा आग्रह होता. पेठ-सुरगाण्याच्या डांग भागात मुलांना शिकवण्याचं काम आधी हाती घेतलं ते दादासाहेब बिडकरांनी १९३७मध्ये उभ्या केलेल्या डांग सेवा मंडळाने.

आता दिवाळीनंतरचं चित्र. भात घरात आला की पाड्यावरची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. ऑक्टोबरची छाटणी, मग विरळणी, पुढे काढणी. काही घरांतली मुलं आजीजवळ राहतात, काही आईबापांबरोबर बागेवर जातात आणि होळीला परततात. मधल्या महिन्यांत वाचायला शिकण्याची साखळी तुटते. पहिली-दुसरीत ती तुटली की तिसरीत पुस्तक हाती घेणारं मूल अक्षरांवरच अडखळतं. त्यात घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची मराठी वेगळी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं चालवली गेली. मूल गावातच राहतं, जेवणाची सोय होते, शाळा सुटत नाही. द्राक्षाच्या हंगामासाठी पेठला हीच सोय हवी, आणि तिचा पैसा दिवाळीआधी शाळेच्या खात्यात हवा. अनुदान फेब्रुवारी-मार्चमध्ये यायचं आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा, ही सरकारी खात्यांची जुनी रीत. मुलं बागेवर असताना पैसा येतो. मग रंगरंगोटी होते, बिलं लागतात आणि उपयोगिता प्रमाणपत्र जातं.

इंग्लंडने २०११पासून वेगळी वाट धरली. गेल्या सहा वर्षांत कधीही मोफत जेवणाला पात्र ठरलेल्या मुलामागे शाळेला जादा रक्कम मिळते. २०२४-२५मध्ये प्राथमिक शाळेला ती एका मुलामागे १,४८० पौंड होती. कशावर खर्चायची ते मुख्याध्यापक ठरवतात, पण काय केलं ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. तिथली श्रीमंती पेठमध्ये आणता येणार नाही. मोजण्याची रीत मात्र आणता येईल: पटाला गरजेचंही वजन द्यायचं. मूल आदिवासी आहे का, घर स्थलांतर करतं का, शाळा पक्क्या रस्त्यापासून किती लांब आहे, हे सगळं सरकारदरबारी नोंदवता येण्याजोगं आहे.

नुसता पैसा ओतून मात्र भागत नाही. जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशातल्या शाळांना अनुदान देऊन केलेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी अनुदान अनपेक्षित होतं, तेव्हा मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी ते येणार हे घरांना माहीत होतं. पालकांनी वह्या-पुस्तकांवरचा स्वतःचा खर्च आवरला आणि फरक दिसेनासा झाला. दप्तर-वह्या वाटण्याच्या कार्यक्रमांनी खूश होणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा. आईबाप जे कधीच विकत घेऊ शकत नाहीत त्यावर शाळेचा पैसा गेला पाहिजे: मागे पडलेल्या चार मुलांना रोज तासभर वेगळं बसवून वाचायला शिकवणारी, त्यांची बोली जाणणारी गावातली बारावी झालेली मुलगी. तिचं मानधन बसेल असा रकाना दहा हजारांच्या अनुदानात सापडत नाही.

दुसरीकडे हेच राज्य आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवताना एका मुलामागे वर्षाला ५० ते ७० हजार रुपये भरतं. त्यात राहणं-जेवणं येतं आणि पाड्यावरच्या शाळेच्या शिक्षकांचा पगार सरकार वेगळा देतं, म्हणून ही तुलना सरळ नाही. तरीही निवडक मुलांना गावाबाहेर काढण्यासाठी हात सैल आणि गावातल्या शाळेसाठी आखडता, हे धोरण बरं नव्हे. २०२२मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांची यादी निघाली आणि २०२३मध्ये लहान शाळा एकत्र करणाऱ्या समूह शाळांचा निर्णय आला. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांनी २०२२मध्येच ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ म्हणत जिल्हा परिषदेकडे चालत मोर्चा नेला. शाळा हातची गेली तर पुढे काय, ते त्या मुलांना नीट कळलं होतं.

शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस चालते, रोज बारा-बारा तास. केशव गावित गुरुजींनी ती नावारूपाला आणली आणि मुलं दोन्ही हातांनी लिहितात म्हणून राज्यभरातून माणसं बघायला येऊ लागली. दोन हातांच्या लिखाणापेक्षा तिथला दिवसभर उघडा दरवाजा मोलाचा वाटतो. पण एका गुरुजींच्या आयुष्यभराच्या झिजण्यावर तालुक्याचं धोरण उभं करता येत नाही. संध्याकाळी शाळा उघडी ठेवायची तर दिवा लागतो, राखायला माणूस लागतो, चार घास लागतात, आणि या सगळ्याला पैसे पडतात. शासनाने नोव्हेंबर २०२३मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि २०२५च्या सुरुवातीला त्याचा निधी बंद केला. जिथे घरी डाळही रोज शिजत नाही, तिथे असा निर्णय व्हायला नको होता.

पेठकडे एक हक्काचा स्रोत आहे. हा तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी २०१५पासून थेट ग्रामपंचायतीच्या ग्रामसभा कोष समितीकडे येतो आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा त्यातला ठरलेला भाग आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शिक्षण हक्क कायद्याच्या २२व्या कलमाने शाळा विकास आराखडा करण्याचं काम तिचंच आहे. या निधीचा आराखडा आणि शाळेचा आराखडा एकाच बैठकीत एकमेकांशेजारी ठेवले, तर बोली जाणणाऱ्या ताईचं मानधन आणि हंगामी वसतिगृहाचं जेवण दोन्ही मार्गी लागू शकतं. फक्त बैठकीची तारीख नीट निवडायला हवी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अनेक घरांना कुलूप असतं, माणसं बागेवर असतात. २ ऑक्टोबरला भात अजून शेतात उभा असतो आणि आईबाप गावात.