सहापट दाबाखालचे रणगाडे

पॅसिफिक महासागरात, मायक्रोनेशियातल्या चूक बेटांभोवती प्रवाळांचे प्रचंड कडे आहे. त्याच्या आतले पाणी शांत, आणि बाराही महिने २८ अंशांच्या आसपास उबदार. दुसऱ्या महायुद्धात हे जपानी आरमाराचे मोठे ठाणे होते. तेव्हा त्याला त्रुक म्हणत. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकी विमाने त्यावर तुटून पडली. मोठ्या युद्धनौका आधीच निघून गेल्या होत्या, पण मालवाहू जहाजे नांगर टाकून उभी होती. दोन दिवसांत चाळीसहून अधिक जहाजे तळाला गेली.

त्यांतले एक ‘सान फ्रान्सिस्को मारू’. सुमारे ११७ मीटर लांबीचे हे जहाज १९१९ मध्ये जपानमधल्या कोबेला बांधले गेले. आज ते साठ मीटरांहून खोल तळावर सरळ उभे आहे. डेकच पन्नास मीटरांवर लागते. त्या डेकवर तीन हलके रणगाडे आहेत, त्यांतले दोन एकावर एक चढलेले. कोठारांत अर्धगोलाकार सुरुंग, ट्रक आणि टॉर्पेडो. लढाईला निघालेला माल तिथेच राहून गेला!

इथे पोहोचणाऱ्या माणसाच्या शरीरात काय घडते, हे त्या रणगाड्यांइतकेच थक्क करणारे आहे. दर दहा मीटरांना पाणी एका वातावरणाइतका दाब वाढवते. पन्नास मीटरांवर, रणगाड्यांपाशी, तो जमिनीवरच्या सहापट होतो. तरी छाती चेपत नाही, कारण तोंडातला रेग्युलेटर नेमक्या तेवढ्याच दाबाची हवा पुरवतो. पण मग प्रत्येक श्वासाला सहापट हवा खर्च होते. त्या हवेतला नायट्रोजन मेंदूवर नशेसारखा चढतो, साधा हिशेबही चुकतो. म्हणून इतक्या खोल जाणारे अनेक पाणबुडे नायट्रोजनचा वाटा कमी करून हेलियम मिसळलेला वायू वापरतात.

दाबाखाली श्वासातला वायू रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो. घाईने वर आले तर त्याचे शरीरातच बुडबुडे होतात, आणि ते जीवघेणे ठरू शकतात. त्यामुळे वीस मिनिटे जहाज पाहिले, तर त्याहून अधिक वेळ वाटेत टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागते. पाण्याची ऊब इथे उपयोगी पडते. थंड समुद्रात हेच थांबणे फार कठीण झाले असते.

खोलीचा दुसरा चमत्कार जहाजाच्या अंगावर दिसतो. चूकमधल्याच ‘फुजिकावा मारू’चा वरचा भाग उथळ पाण्यात आहे, म्हणून तो प्रवाळांनी गजबजून गेला आहे. कठीण प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना सूर्यप्रकाश लागतो. पन्नास मीटरांखाली तो मंद होतो, प्रवाळांची वाढ रोडावते, आणि रणगाड्यांचा आकार स्पष्ट ओळखू येतो. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेत असल्याने तिथे सारे निळे-करडे दिसते. टॉर्च लावला की स्पंजांचा लाल-नारिंगी रंग अचानक झळकतो. ज्या खोलीने माणसाला मोजकी मिनिटे दिली, तिनेच हे जहाज इतके उघडे ठेवले.

तरीही ते कायमचे नाही. खारे पाणी पोलाद खात राहते, आणि काही जहाजांच्या टाक्यांतून तेल आजही झिरपते. शिवाय या जहाजांबरोबर माणसेही बुडाली. ही त्यांची समाधी आहे. इथली वस्तू उचलून नेणे चूकच्या कायद्याने गुन्हा आहे. कधी तिथे जायचे ठरवलेत, तर आधी खोल पाण्याचे रीतसर प्रशिक्षण घ्या. मग डोळे भरून पाहा, पण कशालाही हात लावू नका.