प्रशिक्षणानंतरची पायरी

समोर बसलेल्या तरुणास ऐकू येत नव्हते. शासकीय खर्चाने शिवणकामाचे प्रशिक्षण पूर्ण करून तो यंत्रासाठी कर्ज मागावयास आला होता. मी मात्र प्रत्येक प्रश्न सोबतच्या भावालाच विचारीत होतो. अखेर त्याने टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि लिहिले, ‘कर्ज मी फेडणार आहे.’

दिव्यांगांच्या कौशल्यविकासासाठी केंद्र शासनाने २०१५ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आखला. त्यानंतरच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले, तर शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ३ वरून किमान ४ टक्के झाले. याच अधिनियमाच्या कलम १९ मध्ये व्यवसाय प्रशिक्षण, स्वयंरोजगार आणि सवलतीच्या व्याजदराचे कर्ज यांचा एकत्रित उल्लेख आहे. १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळ किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींना राज्यस्तरीय संस्था व बँकांमार्फत असे कर्ज उपलब्ध करून देते.

कौशल्य हाती आले तरी यंत्राविना ते उपयोगी पडत नाही, हे कायद्याने ओळखले आहे. आम्हा अधिकाऱ्यांना ओळखावयाचे ते एवढेच, की अर्जदार कोण आहे.

त्या दिवशी उरलेले प्रश्न मी कागदावर लिहून त्यालाच विचारले. यंत्राचे दरपत्रक, शिलाईचे दर, महिन्याची अपेक्षित मिळकत. त्याची उत्तरे नेमकी होती. त्याच सायंकाळी प्रस्ताव मंजुरीसाठी रवाना झाला. तो कागद मात्र मी जपून ठेवला आहे.